बखर खालच्या मोरीची: सुभानजी ढोणे थोरल्या गोटात गेले ते समयीची

श्री सर्वसाक्षी समर्थ. जो सर्व पाहतो आणि कोणास काही सांगत नाही त्यास प्रथम नमन, आणि जो वाचणार पाहिल्यावाचून काही मानीत नाही त्यास दुसरे नमन. शके कोणता याविषयी जाणत्यांत तंटा आहे. संवत्सर मात्र विलंबी, याविषयी तंटा नाही. विलंबी संवत्सर साठ वर्षांनी फिरून येते, सबब एवढ्यावरून शकाचा निश्चय होत नाही. आणि ही हकीकतही फिरफिरून घडते, सबब निश्चयाची तितकी निकडही नाही. लिहिणाराने जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हणोन लिहिले, जे ऐकिले ते ऐकिले म्हणोन, आणि जेथे नुसता अदमास तेथे अदमास म्हणोन लिहिले. तिन्हींची भेसळ केली नाही.

तर एक राज्य होते. छत्र होते, छत्राखाली राजे होते, परंतु कारभार गोटांचा. गोट दोन, थोरला आणि धाकटा. ठरल्या वर्षी प्रजेने मडक्यांत सुपाऱ्या टाकून कौल द्यावा, आणि ज्याचे मडके जड त्याने कारभार करावा, ऐसा शिरस्ता. आणि थोरल्या गोटाचे मडके इतकी वर्षे जड येत होते की तोलणारे आता तराजू आणीत नसत, हातानेच उचलून सांगत. गोटाचे प्रमुख राजश्री हैबतराव, गोड बोलणारे, मोठ्या पोटाचे, कोणास कधी नाही म्हणत नसत. शहराच्या उशाशी तळे, आणि तळ्यास मोऱ्या दोन. वरल्या मोरीचे पाणी हवेल्यांस, बागांस आणि सदरेपुढील कारंज्यास जाई. खालच्या मोरीचे पाणी खालच्या पेठेस जावे, परंतु कोण्या जुन्या लढाईत शत्रू मोरीच्या वाटे आत शिरेल म्हणोन ती शिसे ओतून बंद केली, ती तात्पुरती. मग लढाई सरली, शत्रूशी सोयरीक जाहली, शत्रूच्या लेकी सुना होऊन हवेल्यांत नांदू लागल्या आणि कारंज्याचे पाणी पिऊ लागल्या, तरी मोरी तात्पुरतीच बंद राहिली. पेठेत वस्ती रंगाऱ्यांची. त्यांनी विहिरी खणल्या, त्यांस पाणी लागले ते खारे. आणि खाऱ्या पाण्यात निळा रंग धरीना, तांबडा विटू लागला, गिऱ्हाईक कापड परत आणून तोंडावर टाकू लागले, आणि एकेक घर रांजण पालथे घालून परमुलखी जाऊ लागले. हे पाहिले.

त्या पेठेत चिमाबाई रंगारीण होती. कोपरापर्यंत हात निळे, जीभ तिखट. तिचे दीर गेले, जावा गेल्या, शेजार गेला. तिने चावडीवर सर्वांदेखत सांगितले, "पुढच्या उन्हाळ्याआधी मोरी उघडली तर ठीक. नाही तर रांजण फोडते आणि निघते. आणि मी निघाले की मग मागं कुत्रंसुद्धा राहायचं नाही." हे बोलणे बढाईचे नव्हे, पेठेत तिच्या घराकडे पाहूनच बाकीचे थांबले होते. तिचा मावसभाऊ सुभानजी ढोणे. यांचे एक लहानसे टोळके होते, त्यास लोक उजेडवाले म्हणत, कारण ते प्रत्येक गोष्टीत ‘उजेडात सांगा, उजेडात सांगा’ म्हणत. सुभानजी बोलू लागले म्हणजे चावडीचा पिंपळही ऐकतो असे वाटे. परंतु कौलाचे समयी उजेडवाल्यांच्या मडक्यात सुपाऱ्या पडत त्या वाजतील इतक्याच.

मग एके दिवशी हैबतरावांचा माणूस पेठेत आला आणि बोलिला की, "रावसाहेबांस तुमच्यासारखी माणसे हवीत. बाहेर उभे राहून दारावर थापा किती दिवस माराल? दार उघडेच आहे." सुभानजी रात्रभर विचारात पडले म्हणतात, हे ऐकिले. सकाळी चिमाबाईपाशी गेले. ती रांजण ढवळीत होती. सुभानजी म्हणाले, "ताई, गोटात जावं म्हणतो." ती ढवळीतच राहिली. म्हणाली, "कशाला?"

"बाहेर ओरडून घसा बसला. मोरी उघडायची तर हुकूम सदरेतून निघणार. सदर त्यांची. मग सदरेत आपलं माणूस नको?"

"हवं की. पण तू आपलं माणूस म्हणून जाशील, येताना कोणाचं म्हणून येशील ते सांग."

"माझ्यावर भरोसा नाही?"

"तुझ्यावर आहे रे दादा. त्यांच्या गाद्या मऊ आहेत, त्याचं काय?" ऐसे म्हणोन तिने रांजणातले फडके काढिले, पिळले, आणि उजेडात धरिले. फडके राखेसारखे निघाले होते. तेवढे पाहून सुभानजींचा निश्चय जाहला. म्हणाले, "मी पहिल्याच सदरेस मोरीचं पुसतो. बघ तू." आणि गोटाचा रेशमी गोंडा, जो बांधील तो गोटाचा ऐसी खूण, खांद्यास बांधून गेले. उजेडवाल्यांपैकी काही त्यांजबरोबर गेले, काही रागावून घरी बसले, आणि दोन्हींनी मिळून एकमेकांस फितूर म्हटले.

आता सदरेची रीत सांगणे जरूर, कारण सर्व हकीकत तिजवर टांगली आहे. सदरेत हैबतराव भिंतीशी गादीवर, त्यांपुढे मानकरी ओळींनी, आणि सर्वांत नवा तो दाराशी, जोड्यांजवळ. बोलण्याची पाळी दारापासून सुरू व्हावी आणि गादीकडे यावी. ही रीत मूळची चांगली. हेतू असा की लहानाने आधी बोलावे, म्हणजे थोरांचे मत ऐकून त्याची जीभ आखडू नये. दुसरी रीत, जे सदरेत मोठ्याने पुसले जाईल त्यास होय की नाही असा जाब प्रमुखाने तेथेच दिला पाहिजे. कानात सांगितले त्यास जाब नाही. आणि तिसरी रीत, प्रमुखाने विडा उचलून मुखी घातला की सदर उठली. ज्याची पाळी राहिली त्याची राहिली. या तीन रीती वेगवेगळ्या पाहता एकीतही खोट दिसत नाही. लिहिणाराने पुष्कळ दिवस त्या वेगवेगळ्याच पाहिल्या.

पहिल्या सदरेस सुभानजी दाराशी बसले. पाळी त्यांचीच पहिली. ते उठले, घसा साफ केला, तोच हैबतराव गादीवरून बोलिले, "अहो, हे काय? सुभानजी ढोणे आणि जोड्यांपाशी? आमची अब्रू जाते. पुढे या, पुढे या." सर्वांनी माना डोलविल्या. दोघांनी हात धरून सुभानजींस मधल्या ओळीत आणिले, तक्क्या दिला. सुभानजींस संकोच जाहला, बरेही वाटले. मग पाळी दाराकडून सुरू जाहली आणि कोणी गवताच्या कुरणाचे बोलिले, कोणी हत्तीच्या झुलीचे, आणि झुलीच्या रंगावरून दोन मानकऱ्यांत जुंपली, आणि तो तंटा सुभानजींच्या दोन माणसे अलीकडे आला असता हैबतरावांनी विडा मुखी घातला. सदर उठली.

सुभानजींस हे सहज घडले ऐसे वाटले. लिहिणारासही तेव्हा सहजच वाटले. पुढल्या सदरेस ते आधीच जाऊन दाराशी बसू पाहत होते, तो हैबतरावांनी समोरून येऊन मिठी मारिली आणि खांद्यावर हात ठेवून आणखी एक ओळ पुढे नेले. आता सुभानजी न म्हणता ‘सुभानराव’ म्हणू लागले. पुन्हा पाळी पोचण्याआधी विडा. मग सुभानरावांनी विचार केला की पाळी तर येईना, गादी मात्र जवळ आली, हळूच सांगावे. आणि झुकून कानात मोरीचे सांगितले. हैबतरावांनी त्यांचा हात दाबिला, डोळ्यांत पाणी आणिले, आणि म्हणाले, "सुभानराव, आमच्या मनातले बोललात." कानातली गोष्ट, जाब नाही.

पुढल्या ओळीत सुभानरावांच्या शेजारी अंताजीपंत म्हणोन एक वृद्ध मानकरी बसत आणि सबंध सदर डुलक्या घेत. सुभानरावांनी त्यांस पुसिले, "पंत, आपली पाळी कधी येते?"

पंतांनी एक डोळा उघडिला. "पाळी? तुम्ही कशासाठी आलात?"

"खालच्या मोरीसाठी."

"असे का," पंत म्हणाले, "मीही त्याचसाठी आलो होतो. तेव्हा मला केस होते." आणि डोळा मिटला.

हे लिहिणाराने जवळून ऐकिले, आणि त्या दिवसापासून तिन्ही रीती एकत्र मांडून पाहू लागला. मान वाढला की माणूस गादीजवळ येतो. गादीजवळ आला की पाळी शेवटी जाते. शेवटच्या पाळीआधी विडा येतो. तर ज्यास जितका मान तितका तो मुका. हे हैबतरावांनी जाणून योजिले, की रीतच ऐसी बसत गेली आणि त्यांनी फक्त तिला हात लाविला नाही, हे सांगता येत नाही. अदमास दोन्हींकडे जातो. परंतु त्यांस मोरीचा प्रश्न मोठ्याने विचारलेला नको होता, यास कारण उघड होते: होय म्हणावे तर बागा सुकतात म्हणोन हवेल्या रुसणार, नाही म्हणावे तर पेठेच्या सुपाऱ्या जाणार. न विचारलेल्या प्रश्नासारखे सुख त्यांस दुसरे नव्हते.

इकडे फाल्गुन आला, विहिरी खाली गेल्या, आणि चिमाबाई पेठेतल्या बायामाणसांस घेऊन वरल्या मोरीच्या तोंडाशी जाऊन बसली आणि कोणास मोरीचे दार उघडू देईना. कारंजे बंद पडले. हवेल्यांत ओरड जाहली. तेव्हा काही मानकरी म्हणाले शिपाई धाडा, हैबतराव म्हणाले, "छे छे. आपले सुभानराव आहेत की. त्यांचा शब्द तेथे चालतो." आणि सुभानराव पालखीत बसून गेले. पालखी नको म्हणाले होते, हे पाहिले. परंतु बसले, हेही पाहिले.

चिमाबाई त्यांस पाहून उभी राहिली आणि पदर सावरून म्हणाली, "यावं सुभानराव. पाय भिजतील, जपून."

"ताई, थट्टा पुरे. उठा सगळ्या. मी शब्द देतो."

"कुठला? मागचाच का नवा?"

"येत्या सदरेस मी रावसाहेबांच्या मांडीस मांडी लावून बसणार आहे. याहून जवळ जागा नाही."

"आणि बोलणार कधी? सगळ्यांच्या शेवटी ना?" बायका हसल्या. सुभानरावांचा चेहरा उतरला. ते पालखीतून उतरून चिखलात उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "तू इथं बसलीस तर उद्या शिपाई येतील. म्हातारी माणसं आहेत तुझ्याबरोबर. एक सदर दे मला. एकच." चिमाबाईने म्हाताऱ्यांकडे पाहिले. मग उठली. उठताना म्हणाली, "एकच. आणि यंदा रांजण फोडायला मी वाट बघणार नाही, दादा." बायका उठल्या, कारंजे सुरू जाहले, आणि हवेल्यांतून सुभानरावांस मिठाई आली.

ठरल्याप्रमाणे सुभानरावांस गादीशेजारची जागा मिळाली. तेथे जागेबरोबर एक कामही असते, ते त्यांस बसल्यावर कळले: विड्यांचे तबक मांडीवर धरावे, आणि प्रमुखाने हात पुढे केला की विडा द्यावा. हा गोटातला सर्वांत मोठा मान. पहिल्या दिवशी त्यांनी तबक धरिले, पाळी फिरू लागली, मधेच हात पुढे आला, आणि त्यांनी विडा दिला. आपल्याच हाताने आपली पाळी संपविली. हे त्यांस तेव्हाच उमगले की घरी गेल्यावर, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिमाबाईस निरोप धाडिला की आणखी थोडे थांब. निरोपाचा जाब आला नाही. पेठेतून मात्र वर्तमान आले की चिमाबाईने रांजण अंगणात आणून उपडा घातला आहे आणि शेजारी मुसळ ठेविले आहे.

मग चैत्राची सदर भरली. मानकरी बसले, सुभानराव तबक घेऊन बसले, आणि पाळी सुरू होणार तो दाराशी गलबला जाहला. चिमाबाई आली होती. खांद्यास गोटाचा गोंडा बांधलेला. तिच्या मागे अंगणात सबंध पेठ, गुपचूप उभी. चोपदार म्हणाला, "बाहेरच्यास आत बोलण्याची आज्ञा नाही." ती म्हणाली, "बाहेरची कशी? गोंडा दिसत नाही?"

हैबतराव सावरून हसले. "अहो चिमाबाई, तुम्हीही आमच्यात आलात तर! गोंडा बांधलात!"

"बांधला, रावसाहेब. सोडायलाही येतो."

आणि ती आत न येता उंबऱ्यावरच बसली. एक पाय सदरेत, एक पाय अंगणात. दाराशी तिच्याहून जवळ कोणी नाही, म्हणजे पाळी तिचीच पहिली. हैबतराव म्हणाले, "उंबऱ्यावर काय बसता? अशुभ. पुढे या." ती हलली नाही. मग हैबतरावांनी शेजारी पाहिले, आणि सुभानराव, इतक्या महिन्यांची सवय, आपणहून बोलिले, "ताई, इतक्या लांब का? पुढे ये ना. इथं जागा करतो."

सदरेत कोणी हसले नाही. चिमाबाई म्हणाली, "तिथं बसून काय करू, दादा? दोघांना एक तबक पुरायचं नाही."

सुभानरावांनी मांडीवरच्या तबकाकडे पाहिले. विडे नुकतेच बांधलेले, त्यांस लवंगा टोचलेल्या. चिमाबाई उभी राहिली आणि मोठ्याने बोलू लागली, "रावसाहेब, खालची मोरी..." एवढे तिच्या तोंडून निघते तोच हैबतरावांनी, तिच्याकडेच पाहत, गोड हसत, हात शेजारी पुढे केला. विडा मागितला.

सुभानरावांनी दिला नाही. तबक दोन्ही हातांनी धरून बसले. हैबतरावांचा हात तसाच पुढे, तळवा वर. अंताजीपंतांनी दोन्ही डोळे उघडिले. हैबतराव हलक्याने म्हणाले, "सुभानराव." सुभानराव समोर पाहत राहिले, तबकातल्या अत्तरदाणीचे झाकण खडखडत होते. हैबतराव आणखी हलक्याने म्हणाले, "हात अवघडला का?" सुभानराव म्हणाले, "नाही, रावसाहेब. ती बोलते आहे." आणि तेवढ्यात चिमाबाईचे वाक्य पुरे जाहले: खालची मोरी उघडणार की नाही? प्रश्न मोठ्याने, सदरेत, गोंडा बांधलेल्याने विचारलेला. जाब देणे प्राप्त. हैबतरावांनी हात मागे घेतला, अंगणातल्या पेठेकडे पाहिले, पुढल्या कौलाचा हिशेब मनात केला असावा (अदमास), आणि म्हणाले, "होय. आमच्या मनात ते कधीपासूनच होते."

मग शिसे फोडिले. पहिले दोन दिवस गाळ आला, तिसऱ्या दिवशी पाणी. चिमाबाईने रांजण उलथून सुलटा केला, धुतला, भरला, फडके बुडविले आणि उजेडात धरिले. निळे निघाले. ती तेच फडके डोक्यास गुंडाळून कामास लागली. शहरात दवंडी फिरली की राजश्री हैबतराव यांनी प्रजेच्या कळवळ्याने मोरी उघडली, आणि दवंडीवाल्याच्या ढोलाचे कापड पेठेतच रंगविलेले होते.

सुभानरावांस वस्त्रे देऊन फार दूरच्या दरबारी वकील म्हणोन नेमिले. तेथे सदर भरत नाही ऐसे ऐकिले. निघण्यापूर्वी ते चिमाबाईकडे आले. बाहेर ओट्यावर बसले. म्हणाले, "एवढं तर मानशील, मी आत गेलो म्हणून तबक माझ्या हाती होतं."

चिमाबाई म्हणाली, "मानते. तबक तुझ्या हाती होतं हे खरं. इतके दिवस विडे तूच देत होतास हेही खरं."

"मग मी जायला नको होतं?"

ती आत गेली आणि नवे निळे पागोटे आणून त्यांच्या हाती दिले. ते त्यांनी बांधिले आणि गेले. गोंडा ओट्यावर विसरला की ठेविला, हे कळत नाही.

येणेप्रमाणे खालच्या मोरीची हकीकत. सुभानजींवाचून मोरी उघडती काय, हे पाहण्यास तेच संवत्सर सुभानजींवाचून पुन्हा घडवावे लागेल. ते आम्हांस साधत नाही, सबब निकाल देत नाही. उजेडवाल्यांतले जे घरी बसले होते ते आज गोटात जावे की न जावे म्हणोन पुन्हा भांडत आहेत, त्यांस एवढेच कळविणे की, आत गेलात तर बसण्याआधी बोला. तबक आता मानकऱ्याकडे नाही, पगारी हुजऱ्याकडे दिले आहे. त्याच्या हातास कंप नाही. आणि थोरल्या गोटाने उंबऱ्यास चांदीचा पत्रा मारविला, आणि उंबऱ्यावर बसणे हा यापुढे मोठा मान, तो फक्त मानकऱ्यांस मिळेल, ऐसे ठरविले. हे वर्तमान चिमाबाईस सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरं. मी पायरीवर बसेन." आज सकाळी आम्ही जाऊन पायरी पाहिली. अजून दगडाचीच आहे.